एक्स्टेरियर रेंडरमध्ये दिवसाचा उजेड खरा वाटायला हवा असेल तर आधी सावली बघा

एक्स्टेरियर रेंडर, म्हणजे इमारतीचं बाहेरून दिसणारं कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र, खोटं का वाटतंय असं विचारलं की बहुतेक जण उन्हाला दोष देतात, ऊन कमी आहे, ऊन फार पिवळं आहे, सूर्याची इंटेन्सिटी वाढव वगैरे. मला विचाराल तर उन्हातला भाग रेंडर इंजिन, म्हणजे चित्र काढून देणारं सॉफ्टवेअर, जवळपास स्वतःच नीट करून देतं, गडबड होते ती सावलीत. सावली किती गडद आहे, तिचा रंग कुठला, तिची कड कुठे धारदार आणि कुठे विरलेली, आणि तिच्या आतलं वीटकाम, चौकटी, दरवाजे दिसतायत का, हे चार प्रश्न दिवसाच्या कुठल्याही रेंडरला विचारा, कुठे चुकलंय ते लगेच सापडतं. म्हणून खालचं सगळं मी सावलीच्या बाजूने सांगणार आहे. सॉफ्टवेअर कुठलंही असो, व्ही-रे, कोरोना, ब्लेंडरचं सायकल्स किंवा एखादं रिअल-टाइमवालं, तत्त्व तेच राहतं आणि बटणांची नावं तेवढी बदलतात.

दिवे दोनच

दिवसा बाहेर दिवे दोनच असतात, एक सूर्य आणि दुसरं आकाश. बाकी जो काही उजेड दिसतो तो या दोघांचाच, जमिनीवरून, भिंतीवरून, समोरच्या इमारतीवरून उसळून आलेला. आकाश स्वच्छ आहे आणि सूर्य बऱ्यापैकी वर आलाय अशा वेळी मोकळ्या जमिनीवर साधारण १ लाख लक्स (उजेडाचं माप) उजेड पडतो आणि त्यात एकट्या आकाशाचा वाटा ढोबळमानाने १० ते २० हजार लक्स. म्हणजे उन्हातली फरशी आणि तिला लागूनच असलेली सावलीतली फरशी यांच्यात पाच ते दहा पट फरक, कॅमेऱ्याच्या हिशोबात सव्वादोन ते सव्वातीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड). हे प्रमाण सांभाळलं की अर्ध्याहून जास्त काम झालं, आणि हे मोडलं की नंतर कितीही पोस्ट (रेंडरनंतरच्या दुरुस्त्या) करा, बघणाऱ्याला काहीतरी खटकत राहतं, काय खटकतंय ते त्याला सांगता येत नाही एवढंच.

चांगली गोष्ट अशी की सन-स्काय सिस्टिममध्ये, म्हणजे सूर्य आणि आकाश जोडीने देणाऱ्या सोयीत, हे प्रमाण तयारच मिळतं. १९९९ मध्ये आलेलं प्रीथम मॉडेल आणि २०१२ मधलं होसेक-विल्की मॉडेल ही दोन्ही सूर्याची उंची आणि हवेतला धूसरपणा घेऊन आकाशाचा रंग आणि तेज काढतात, त्यामुळे सूर्य खाली आणला की आकाशही त्याच्याबरोबर बदलतं. होसेक-विल्कीची मजल सूर्य क्षितिजावर असेपर्यंतच आहे, त्यानंतरचं पीआरजी क्लीअर स्काय मॉडेल सूर्य थोडा क्षितिजाखाली गेल्यावरचं आकाशही देतं, संधिप्रकाशाचा शॉट हवा असेल तर ते घ्या. पण अट एकच, सन आणि स्काय दोघांचा मल्टिप्लायर (ताकदीचा गुणक) १ वरच ठेवायचा. सावली काळी वाटली म्हणून स्काय २ वर नेला, मग ऊन फिकं वाटलं म्हणून सन दीडवर नेला, मग कुठेतरी एक प्लेन लाइट (सपाट दिवा) टाकून फिल, म्हणजे सावली उजळायला जादा उजेड, दिला, असं करत गेलं की शेवटी सीनमध्ये काय खरं आणि काय लावलेलं हेच कळेनासं होतं. दिवसाच्या एक्स्टेरियरमध्ये फिल लाइट टाकूच नका. सावली काळी येतेय ना, तर कारण शोधा, ते बहुतेक वेळा मटेरियलमध्ये, टोन मॅपिंगमध्ये (उजेडाचे आकडे पडद्यावर बसवण्याच्या पद्धतीत) किंवा कॅमेऱ्यामागच्या रिकाम्या जागेत सापडतं, तिघांबद्दल पुढे सांगतो.

टर्बिडिटी, म्हणजे हवेतल्या धूसरपणाचा आकडा, २ ते ३ असला की धुऊन निघालेलं स्वच्छ आकाश, आकडा वाढवत नेला की धूसर, पिवळसर, सावल्या नरम. एकदम वरच्या आकड्यांपर्यंत जायची गरज क्वचितच पडते.

उत्तर दिशा आणि घड्याळ

सूर्य हाताने ओढून छान दिसेल तिथे ठेवायचा मोह सगळ्यांना होतो, आणि नुसतं कॉन्सेप्ट इमेज असेल तर एक वेळ ठीक आहे, पण खऱ्या जागेवरच्या खऱ्या इमारतीचं रेंडर असेल तर साइट प्लॅनवरची उत्तर दिशा आधी मॉडेलला लावा, अक्षांश-रेखांश टाका, तारीख-वेळ टाका आणि मग बघा काय मिळतंय. क्लायंटच्या उत्तरेकडच्या दर्शनी भागावर तुम्ही भर दुपारचं तिरपं ऊन दाखवलं आणि जागा उत्तर गोलार्धात कर्कवृत्ताच्या वर असली तर ते ऊन तिथे कधीच पडणार नाही, उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि संध्याकाळी थोडा वेळ येईल तेवढंच. आर्किटेक्टला हे एका नजरेत कळतं आणि मग त्याचा बाकीच्या चित्रावरचाही विश्वास उडतो.

पटकन अंदाज घ्यायला एक हिशोब पाठ ठेवा, माध्यान्हीची सूर्याची उंची म्हणजे ९० वजा अक्षांश, अधिक त्या दिवसाची सूर्याची क्रांती (सूर्य विषुववृत्तापासून किती उत्तरेला-दक्षिणेला आहे तो कोन), आणि ही क्रांती वर्षभरात साधारण उणे २३.४ ते अधिक २३.४ अंश फिरते. ४०° उत्तर अक्षांशावर २१ जूनच्या आसपास माध्यान्हीला सूर्य सुमारे ७३° वर आणि २१ डिसेंबरच्या आसपास फक्त साडेसव्वीस अंशावर. सावलीची लांबी तर याच्यावरच ठरते, ४५° ला वस्तूच्या उंचीएवढी सावली, ३०° ला पावणेदोन पट, ६०° ला उंचीच्या जेमतेम साठ टक्के.

वेळ निवडताना माझी आवड सांगतो, सूर्य ३० ते ५० अंशांच्या दरम्यान आणि कॅमेऱ्याच्या एका बाजूला, म्हणजे इमारतीची एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत. सूर्य कॅमेऱ्याच्या बरोबर पाठीमागे असला की सगळं सपाट होतं, छज्जे, खाचा, खिडक्यांची खोली सगळं भिंतीत मिसळून जातं. भिंतीला घासून जाणारं ऊन मात्र गिलाव्याचं, दगडाचं टेक्स्चर असं काही उठवून दाखवतं की डिस्प्लेसमेंटचं (पृष्ठभागाला दिलेल्या उंचसखलपणाचं) सार्थक होतं. सूर्य आकाशात तासाला १५° सरकतो, म्हणून अर्धा-अर्धा तास पुढे-मागे करून छोट्या साइझमध्ये सात-आठ टेस्ट काढा आणि शेजारी शेजारी ठेवून निवडा, डोळ्यांसमोर एकच फ्रेम ठेवून निवड करणं अवघड जातं.

आधी करडं मॉडेल

मटेरियल लावायच्या आधी पूर्ण सीनवर एकच मध्यम करडं मटेरियल ओव्हरराइड करा, फक्त काच त्यातून वगळा, नाहीतर खिडक्या बंद होऊन आतल्या खोल्या ठार काळ्या होतात. या करड्या रेंडरमध्ये उजेड चांगला वाटला पाहिजे. वाटत नसेल तर मटेरियल लावून वाटणार नाही.

इथेच एक्सपोजर ठरवा. फोटोग्राफीतला जुना ठोकताळा आहे, कडक उन्हात आयएसओ १०० असेल तर एफ/१६ आणि शटर १/१२५ च्या आसपास, म्हणजे ईव्ही (एक्सपोजरचं एकत्रित माप) १५. एफ/८ वापरायचं असेल तर शटर १/५००, हिशोब तोच. सन-स्काय १ वर आणि फिजिकल कॅमेरा ईव्ही १५ च्या जवळ, एवढ्यावर चित्र जवळपास बरोबर आलं पाहिजे, थोडं उजळ हवं तर १४ पर्यंत या. पूर्ण ढगाळ दिवसाला १२ च्या आसपास धरा. ब्लेंडरवाल्यांनी एक लक्षात ठेवा, तिथलं स्काय टेक्स्चर सूर्याच्या चकतीसकट टाकलं की चित्र पांढरंफटक येतं, तिथे घाबरून फक्त सूर्याची ताकद कमी करू नका, कलर मॅनेजमेंटमधलं एक्सपोजर काही स्टॉप खाली आणा, म्हणजे सूर्य आणि आकाश दोन्ही एकाच प्रमाणात खाली येतात.

एक्सपोजर ठरवताना नजर उन्हातल्या पांढऱ्या भिंतीवर ठेवा. ती पांढरी दिसावी पण तिच्यावरचं टेक्स्चर पुसलं जाऊ नये.

सावलीची कड

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. सूर्य पृथ्वीवरून सुमारे ०.५३ अंशांची चकती दिसतो, बिंदू नाही, आणि त्यामुळे सावलीची कड वस्तूपासून जितकी लांब पडेल तितकी विरत जाते. हिशोब अगदी सोपा आहे, १ मीटर अंतरावर कड साधारण ९ मिलिमीटर विरते, ३ मीटरवर पावणेतीन सेंटिमीटर, १० मीटरवर ९ सेंटिमीटरच्या पुढे, आणि पृष्ठभाग किरणांना तिरका असेल तर त्याहून जास्त. आता हे एका खऱ्या भिंतीवर बघा, खिडकीच्या ग्रिलची भिंतीलगत पडलेली सावली ब्लेडने कापल्यासारखी, वरच्या छज्जाची कड थोडी मऊ, आणि चार मजले वरच्या गच्चीच्या कठड्याच्या पाइपची सावली खाली जमिनीवर पडेपर्यंत जवळजवळ नाहीशीच झालेली. पाइपची जाडी पाच सेंटिमीटर आणि विरण्याची रुंदी बारा सेंटिमीटर असेल तर गडद गाभा उरणार कुठून.

हे आपोआप होतं, जर सूर्याचा आकार खरा ठेवला तर. व्ही-रे आणि कोरोनामध्ये साइझ १, ब्लेंडरच्या सन लाइटमध्ये अँगल ०.५२६°. सावल्या मऊ आवडतात म्हणून लोक हा आकार पाच-दहा पट करतात आणि तिथे इमारत एकदम छोटी होते, टेबलावर ठेवलेल्या मॉडेलसारखी, कारण इतक्या मऊ कडा आपण छोट्या वस्तूंवरच बघितलेल्या असतात. मऊ सावली हवी असेल तर आकाश धूसर करा किंवा पातळ ढगांचं आकाश घ्या. आणि हो, मॉडेलची युनिट्स तपासा, मीटरच्या जागी मिलिमीटर झाले तर सावलीच्या कडांचं प्रमाण तसंच राहील पण धुकं, डिस्प्लेसमेंट, बेव्हल (कडांना दिलेली बारीक गोलाई), डेप्थ ऑफ फील्ड सगळं बिघडेल.

झाडाखालचे कवडसेही इथूनच येतात. पानांमधल्या बारीक फटी पिनहोलसारख्या काम करतात आणि जमिनीवर सूर्याचीच गोल-लंबगोल चित्रं पडतात, फटीचा आकार कसाही असो. झाडांची पानं नीट जिओमेट्रीची असतील आणि सूर्याचा आकार खरा असेल तर रेंडरमध्येही कवडसे तसेच पडतात. पानांच्या मटेरियलला थोडी ट्रान्सलुसन्सी (उजेड आरपार झिरपू देणं) द्या, नाहीतर उन्हाच्या विरुद्ध बाजूने बघितलं की झाड कोळशाचं वाटतं.

सावलीचा रंग आणि खालून येणारा उजेड

सावलीत सूर्य नाही, म्हणजे तिथे राज्य आकाशाचं. दुपारचं थेट ऊन साधारण ५५०० केल्विनच्या आसपास, निळं आकाश सहज १०,००० केल्विनच्या वर, म्हणून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स उन्हाला जुळवला की सावली निळसर येते, येऊ द्या. तिला ओढून करडी करायच्या नादात ऊन नारिंगी होतं. निळेपणा फारच अंगावर येत असेल तर व्हाइट बॅलन्स थोडा वर घ्या, ६००० च्या आसपास दोघांची तडजोड बरी होते. सूर्य उतरला की ऊन लालसर होतं आणि त्याची ताकदही घटते कारण किरणांना हवेतून जास्त अंतर कापावं लागतं, ३०° ला डोक्यावरच्या सूर्याच्या दुप्पट आणि ५° ला सुमारे दहा पट, त्यामुळे संध्याकाळी ऊन आणि सावलीतला फरक कमी होतो. दुपारची काळीकुट्ट सावली आणि संध्याकाळचं केशरी ऊन एकाच चित्रात दिसलं की समजायचं कुणीतरी फक्त सूर्याचा रंग बदललाय.

पण सगळी सावली निळी नसते आणि रेंडरमधली ही जागा बहुतेक जण सोडून देतात. छज्जाची किंवा बाल्कनीच्या स्लॅबची खालची बाजू बघा. तिला आकाश दिसत नाही, तिला दिसते उन्हात तापलेली जमीन, म्हणून ती उबदार असते, भिंतीच्या सावलीपेक्षा पिवळसर, आणि जमीन जिथे जास्त उजळ तिथे ती जास्त उजळ. खाली गवत असेल तर हिरवी झाक, लाल फरशी असेल तर लालसर. एकाच भिंतीवर वरचा भाग निळसर आणि खाली फुटपाथजवळचा भाग किंचित गरम, एवढा एक बदल दिसला की चित्र खरं वाटायला लागतं. यासाठी जीआयचे (उसळलेल्या उजेडाच्या हिशोबाचे) बाउन्स पुरेसे ठेवा आणि जमीन फ्रेमपुरती कापू नका, इमारतीच्या उंचीच्या दोन-तीन पट अंतरापर्यंत खऱ्या रंगाची जमीन पसरलेली हवी, कॅमेऱ्यात दिसो न दिसो.

आणि तो रंग खरा म्हणजे किती, इथे पुष्कळ सीन मार खातात. पूर्ण पांढरी भिंत (रंगाच्या ० ते २५५ या मापात) २५५ वर ठेवली तर तिथून सगळाच उजेड परत उसळतो आणि सावल्या धुतल्यासारख्या होतात. चांगला पांढरा रंगसुद्धा ८० टक्क्यांच्या आसपासच उजेड परत देतो, एसआरजीबीमध्ये (पडद्यासाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) ते सुमारे २३१ होतं. नवीन डांबर ५ टक्क्यांच्या जवळ, म्हणजे साधारण ६३, जुनं पडलेलं डांबर त्याहून बरंच फिकं. काँक्रीट जुनं असेल तर २० ते ३० टक्के. गवत आपल्याला वाटतं त्यापेक्षा गडद असतं, त्यामुळे रेंडरमध्ये ते झगमगलं तर टेक्स्चर खाली आणा. टेक्स्चरमध्येच आधीची सावली भाजलेली असेल, म्हणजे फोटो उन्हात काढलेला असेल, तर ते वापरूच नका. आणि रंगाचे मॅप एसआरजीबी, रफनेस आणि नॉर्मल मॅप (खरखरीतपणा आणि बारीक उंचवटे सांगणारे) नॉन-कलर किंवा रॉ, हे एकदा सगळीकडे तपासून घ्या.

एचडीआरआय घेणार असाल तर

एचडीआरआयने, म्हणजे उजेडाची खरी पातळी साठवणाऱ्या चहूबाजूंच्या फोटोने, आकाश सुंदर मिळतं, ढग मिळतात, काचेत छान प्रतिबिंबं मिळतात. अडचण सूर्याची आहे. सूर्याची चकती आकाशाच्या अर्धगोलाचा सुमारे एक लाखावा भाग व्यापते, पण स्वच्छ दिवशी जमिनीवर पोचणारा बहुतेक उजेड तेवढ्याशा ठिपक्यातून येतो. फोटो काढताना तो ठिपका कापला गेला असेल, म्हणजे क्लिप झाला असेल, तर फाइल कितीही मोठी असू दे, ऊन मेलेलं येणार. तपासायची पद्धत सोपी, एक करडी जमीन, तिच्यावर एक करडा गोळा आणि एक उभी काठी, बाकी काही नाही. काठीची सावली बुडाशी धारदार आणि ठळक आली तर एचडीआरआय कामाची. सावली धुरकट आली तर ती ढगाळ वातावरणासाठी ठेवा किंवा तिच्यातला सूर्य पुसून वेगळा सन लाइट त्याच जागी लावा, आणि तेव्हा त्या लाइटची ताकद वर सांगितलेल्या पाच ते दहा पटीच्या प्रमाणाने जुळवा. रिझोल्यूशनही बघा, २के फाइलमध्ये सूर्य जेमतेम तीन पिक्सेलचा येतो, ८के मध्ये बारा.

मागे वेगळ्या आकाशाचा फोटो चिकटवणार असाल तर त्यातला उजेड कुठून येतोय ते आधी शोधा. निळं आकाश सूर्यापासून साधारण ९०° वर सगळ्यात गडद असतं आणि सूर्याकडे पांढुरकं होत जातं, ढगांची उजळ बाजूही सूर्याकडेच. इमारतीवर ऊन डावीकडून आणि ढगांवर उजवीकडून, हे फार चित्रांत दिसतं.

काच आणि कॅमेऱ्यामागची जागा

दिवसा बाहेरून खिडकी गडद दिसते, कारण बाहेर हजारोंनी लक्स आणि आत काहीशे. म्हणून भर दुपारच्या शॉटमध्ये खिडक्यांतून पिवळे दिवे चमकवू नका, ते संध्याकाळसाठी राखून ठेवा. काचेचा आयओआर (अपवर्तनांक) १.५२, समोरून बघितलं तर प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के परावर्तन देतो, डबल ग्लेझिंगला चार पृष्ठभाग म्हणजे साधारण १५ टक्के, आणि नजर काचेला जितकी घासून जाईल तितकं ते झपाट्याने वाढतं. म्हणजे काचेत दिसणारं चित्र हे मुख्यतः कॅमेऱ्याच्या मागे काय आहे त्याचं असतं. मागे काहीच नसेल तर काच निर्जीव. समोरच्या रस्त्याच्या पलीकडच्या इमारती, झाडं साध्या ठोकळ्यांच्या रूपात तरी ठेवा, त्यांच्यामुळे सावलीच्या बाजूला उसळलेला उजेडही खरा मिळतो. प्रत्येक तावदान अर्ध्या अंशाहून कमी, वेगवेगळ्या दिशेने किंचित कलवा आणि अगदी मंद लाटांचा बम्प (उंचवट्यांचा आभास) द्या, प्रतिबिंब तावदानागणिक तुटलं की काच काचेसारखी दिसते. कडांना २ ते ५ मिलिमीटरचं बेव्हल, कारण ऊन कडांवरच चमकतं.

शेवटी टोन मॅपिंग. साध्या एसआरजीबी व्ह्यूमध्ये उन्हातला भाग पटकन जळतो आणि मग तो वाचवायला एक्सपोजर खाली आणलं की सावल्या बुजतात, इथूनच ती फिल लाइटची गरज वाटायला लागते. ब्लेंडर ४.० पासून एजीएक्स नावाचं टोन मॅपिंग डीफॉल्ट आहे, ते राहू द्या, व्ही-रे आणि कोरोनामध्ये हायलाइट कम्प्रेशन किंवा फिल्मिक कर्व्ह लावा, पण कॉन्ट्रास्टचा अतिरेक नको. लांबच्या इमारतींवर झेड-डेप्थने (प्रत्येक पिक्सेल कॅमेऱ्यापासून किती लांब ते सांगणाऱ्या चित्राने) आकाशाच्या रंगाचा अगदी हलका थर द्या. ग्लेअर (उजळ भागाभोवतीची झळाळी) नावापुरता.

फायनल इएक्सआर फाइलमध्येच सेव्ह करा, हाफ फ्लोट (१६-बिट) पुरतो, सन आणि स्कायचे वेगळे पास (फक्त त्या दिव्याच्या उजेडाची वेगळी चित्रं) काढलेत तर तेही त्यातच ठेवा. क्लायंटने सावली थोडी उघड म्हटलं तर स्कायचा पास पाव स्टॉपपर्यंत वर न्यायला हरकत नाही, त्याच्या पुढे मागणी गेली तर पास ओढत बसू नका, सूर्य खाली आणून किंवा पातळ ढगांचं आकाश लावून नवीन रेंडर टाका.